आडवारी लावायचं अत्तर

आत्या, परवा तुला अखेरची आंघोळ घालताना पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणाली, "लावा गं आता तिला अत्तर. मेलेल्या बाईला कुणी न्हाई म्हणत न्हाई."

बिचारी चांगल्या मनानं बोलली. पण माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे बाईनं जन्मभर शेणामुतात राबायचं, आणि सुवास कधी घ्यायचा, तर नाक बंद पडल्यावर? मी तोंड उघडणार तेवढ्यात बिरूनानांची सून रखमा पुढं झाली. "मावशे, हिला रोजच हुतं," म्हणाली. "आज काय नवं न्हाई." आणि तुझ्या मनगटाला अत्तराचं बोट लावून मोकळी झाली. कवतिक नाही, सोहळा नाही. भाकऱ्या टोपल्यात पडल्या की तू लावायचीस ना, तसं.

रडत होते तरी मला हसू आलं. आत्या, तू जिंकलीस. हे आधीच लिहून टाकते. पुढं माझा सूर कितीही रडका झाला तरी वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

मृत्युलेखात जन्मसाल, माहेर, सासर, मागे कोण कोण आहे, असं सगळं लिहितात. मी लिहिणार नाही. बोरीच्या अलीकडची आपली वाडी मेंढरांची, आणि तू त्या वाडीतली गिरजा, माझ्या बापाची बहीण, एवढं पुरे. बाकी जे लिहायचं ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्धंच राहिलं. तू गेलीस म्हणून ते मी जिंकलं असं होत नाही. उलट मी ते कधीच हरले होते. तुला सांगायचं तेवढं राहिलं.

शिकायला म्हणून परभणीच्या वसतिगृहात राहिलेली वाडीतली पहिली पोर मी. पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीनं आपली वळकटी उचलून भिंतीकडं नेली. "कौसल्या आली की मेंढरं आली," असं माझ्यासमोरच म्हणायच्या. मी अंग घासून घासून लाल केलं. घोंगडीचा वास जाईना. मग मी ठरवलं, वासाला किंमतच द्यायची नाही. जाडंभरडं पांढरं लुगडं, ना फूल ना तेल, आणि हातात पत्रकांचा गठ्ठा. कुळांच्या जमिनीवर लिहिलं, वेठीवर लिहिलं, मराठी राज्यावर लिहिलं. निजाम गेला, हैदराबाद मोडलं, आपण मुंबई राज्यात आलो, तरी माझा राग संपेना. लिहायला विषय भरपूर होते.

एका पत्रकात मी जहागीरदारांच्या चैनीवर तुटून पडले होते. "त्यांच्या अत्तराच्या एका शिशीत आमच्या दहा भाकऱ्या बुडाल्या आहेत," असं वाक्य होतं. सभेत त्याला टाळ्या पडल्या. सुट्टीत घरी आले तेव्हा तू म्हणालीस, वाच. मी ठणठणीत आवाजात वाचलं. तू कोकराला खाजवत ऐकत होतीस. शेवटी म्हणालीस, "मंग भाकरी काढ की त्येच्यातनं बाहीर. अत्तर कामून सांडायलीस?"

मी पत्रकाची घडी घातली. आणि तुला अडाणी ठरवलं. पत्रकं लिहिणाऱ्यांना ही सोय फार जवळ असते.

तुझं अत्तर मला तेव्हा मुळीच मान्य नव्हतं. तू ते शिकलीस बन्नेमियांकडून. अत्तराची लाकडी पेटी घेऊन बोरीच्या बाजारात बसणारा हा माणूस पोलीस कारवाईनंतर दोन वर्षं दिसला नाही. परत आला तेव्हा लोक त्याच्या पुढून मान वळवून जायचे. तू मात्र त्याच्या पेटीसमोर फतकल मारून बसलीस आणि विचारलंस, "मियाँ, तुमच्या पेटीत समदं लग्नाचं न् ईदीचं. आडवारी लावायला काय हाय?"

आडवार म्हणजे बाजाराचा नाही, सणाचा नाही, कुणाच्या लग्नाचा नाही, असा साधा दिवस. आपल्या बायकांचं सगळं आयुष्य आडवारीच जातं. त्या दिवसासाठी अत्तर मागणारी बाई बन्नेमियांनी पहिल्यांदाच पाहिली असणार. ते म्हणाले, "वो तो बाई, हम बेचते नहीं. पर बनाना आसान है. तीळ लय प्यासा रहता. फूल का बास पी जाता."

तेवढ्यावर तू घरी आलीस आणि कामाला लागलीस. धुतल्या फडक्यावर तिळाचा थर, त्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचा, वर पुन्हा तिळाचा. सकाळी कोमेजलेली फुलं पाखडून काढायची, संध्याकाळी ताजी घालायची. आठ दिवस असं चालायचं. तुझी स्वतःची अक्कल पुढची. शेवटच्या तीन दिवसांत तू संत्र्याची सालं कुटून मध्ये घातलीस. मग घाण्यावर तीळ गाळून आणले. जे तेल आलं त्याचा वास लग्नाच्या अत्तरासारखा डोक्यात जात नव्हता. आधी पिकलं संत्रं सोलल्यासारखं झणकन् यायचं, मागून मोगरा, आणि मग हाताला नुसती ऊब राहायची. जवळ येईल त्याला कळावं, लांबच्याला पत्ता लागू नये, असा वास. छोटी शिशी एका आण्याला. बन्नेमियांनी हुंगून पाहिलं आणि स्वतःच्या पेटीत तुझ्या शिश्यांना जागा दिली. बाजारात बायका मागायला लागल्या, "आडवारचं द्या."

आणि ती सालं! परभणीहून येताना आणायला तू मला सांगायचीस. स्टेशनजवळच्या फळवाल्याकडं मी सालांसाठी थैली पसरली तेव्हा तो म्हणाला, "ताई, बकरी पाळली काय?" मी, शोषणाविरुद्ध गर्जना करणारी मी, शरमेनं मान खाली घालून म्हणाले, "हो." आत्या, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या अत्तरापेक्षा बकरी मला बरी वाटली.

आता त्या हिवाळ्यातलं सांगते, कारण सगळं त्यावर फिरलं.

मेंढ्या वीत होत्या. वाडीतले सगळे कळप पेडगावाकडच्या शिवारात एकत्र बसवले होते. मेंढरं रात्री रानात बसतात, लेंड्यामुतानं रान खतावतं, शेतकरी बदल्यात दाणे देतो. हे कामच जमावाचं. एकट्या माणसाच्या चार मेंढ्यांना कोणी रानात बसवत नाही, आणि लांडगा आला तर हाक मारायलाही शेजार नसतो. मी तेव्हा तिथं आले होते पत्रकं वाटायला.

तुझ्या हिश्शातली एक मेंढी अडली. तू हात घालून कोकरू ओढून काढलंस, पुसलंस, आईपुढं ठेवलंस. आईनं हुंगलं आणि मागं सरकली. पुन्हा ठेवलंस. तिनं टक्कर मारून त्या ओल्या जिवाला वाडग्याच्या, म्हणजे मेंढरांच्या कुंपणाच्या, काट्यांपर्यंत उडवलं. तुझ्या मनगटाला सकाळचं अत्तर होतं. तूच विसरली होतीस. जन्मभर मेंढरांत राहिलेल्या बाईनं विसरू नये ते विसरलीस. मेंढी लेकराला डोळ्यांनी नाही, नाकानं ओळखते.

बिरूनाना कळपाचे कारभारी. त्यांचा शब्द वाडीत हुकूम. ते तिथंच बांधावर बसले आणि सगळ्यांना गोळा केलं.

"गिरजे, मेंढीचं लेकरू तुज्या वासानं मेलं म्हणायचं की न्हाई?"

"मेलं न्हाई आजून," तू म्हणालीस.

"मरंल. आजपासून वाडीतल्या बाईनं अत्तराला हात लावायचा न्हाई. जिला लय हौस हाय तिनं आपली मेंढरं येगळी काढावी."

मामा, म्हणजे तुझे यजमान, एरवी बोलके, पंचांपुढं मुके. बायका पदरात तोंड घालून उभ्या. आणि मी, शिकलेली, सभा गाजवणारी, काय बोलले? तू तर ऐकलंच होतंस. वाचणाऱ्यांनीही ऐकावं. मी म्हणाले, "आत्या, नानांचं बरोबर आहे. सोड की ते. चैन आहे ती, आपल्याला नाही परवडत."

तू माझ्याकडं बघितलंस. चिडून नाही. मेंढी वाट चुकली की बघायचीस, तसं.

मग नानांना म्हणालीस, "आठ दिस द्या. कोकरू मेलं तर शिश्या मीच फोडते. जगलं तर मंग बोलू."

"कोकरू जगून काय हुतंय? आई घेईना त्येला."

"त्येच बगायचंय."

चार दिवस तू कापसाच्या वातीनं त्याला दुसऱ्या मेंढीचं दूध पाजलंस. बाकी वेळ त्या आईसमोर बसून राहायचीस. मी खिजवलं, "आता मेंढीला पत्रक वाचून दाखव." तू म्हणालीस, "तू गप. मी तिचं नाक वाचायले."

पाचव्या दिवशी सकाळी तू शिशी घेऊन उठलीस. मला वाटलं, फोडायला निघाली. तू कोकराला डोक्यापासून शेपटीपर्यंत अत्तर चोळलंस. मग मेंढीचं तोंड काखेत धरून तिच्या नाकपुड्यांवर तेच बोट फिरवलंस.

नाना लांबून ओरडले, "आगं येडी झालीस का! एकदा वास मोडलास त्येवढं कमी पडलं का?"

"मोडला न्हाई नाना, कमी पडला हुता," तू म्हणालीस. "लेकराला येगळा वास न् आईला येगळा. आता दोगांचा एकच. तिला समदं जगच संत्र्यावानी यायलंय. वळखंल कशानं, कोण परकं ती?"

मेंढी शिंकली. मान झटकली. कोकराला हुंगलं, स्वतःच्या पायाला हुंगलं, पुन्हा कोकराला. त्यानं कासेला ढुसणी दिली. ती हलली नाही. कोकराची शेपटी जी हलायला लागली, ती बघून रखमा पदराआडून मोठ्यानं हसली. सासऱ्यापुढं मान वर न करणारी रखमा! तीन दिवसांत अत्तर उडालं, पण तोवर त्याच्या पोटात त्याच मेंढीचं दूध गेलं होतं आणि अंगाला तिचाच वास आला होता.

नानांनी बंदी मागं घेतली नाही, पण पुन्हा तिचं नावही काढलं नाही. मोठ्या माणसांची हार अशीच असते. तीही आपल्यालाच शोधून काढावी लागते.

पण तुला असला चोरून मिळालेला विजय नको होता. पुढच्या हिवाळ्यात नानांची सगळ्यात चांगली मेंढी मेली आणि कोकरू पोरकं झालं. त्याच दिवशी दुसरीचं कोकरू मेलेलं निघालं. एकाला आई नाही, एकीला लेकरू नाही. पूर्वी मेलेल्याचं कातडं काढून पोरक्याला पांघरायचे. साधलं तर साधलं. नाना तुझ्या कापडी पालाशी आले. "गिरजे, ती औषध दी जरा."

तू विचारलंस, "कंचं औषध?"

"ती... वासाचं."

"औषध न्हाई ती. अत्तर हाय."

"आसंना का. दी."

"मेंढीला लावायचं तर आदी बायकांनी लावायचं, नाना. मेंढ्यांना न्हाई म्हणायलात का तुमी? मंग बाईला कामून म्हणायलात? ज्या वाड्यात बाईला वास चालत न्हाई, त्या वाड्यातल्या मेंढीला मी शिशी दीत न्हाई."

मी तिथं होते, आत्या. माझ्या आजवरच्या सगळ्या पत्रकांत मिळून या चार वाक्यांएवढा दम नाही. नाना लाल झाले. म्हणाले, "आडवतीस व्हय मला? लेकराचा जीव जायलाय तिकडं."

"जाऊ द्यायचा का न्हाई ती तुमी ठरवा. मी बसलेय हितं."

नानांनी तिकडं, कोकराच्या दिशेनं, एकदा बघितलं. मग मागं न बघता म्हणाले, "रखमे. हात कर."

रखमानं हात पुढं केला. तू तिच्या मनगटावर बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "हुंग माय. रोज हुंग." मग बाकीच्या आल्या. शेणानं माखलेले, लोकर कातरून चिरलेले, कुणाचा अंगठा वाकडा, अशा हातांची रांग लागली. सगळ्यात शेवटी नंबर मेंढीचा. कोकरू जगलं.

त्या रांगेत मी नव्हते. हे मला खुपतं. मी बाजूला उभी राहून डोळे पुसत होते, पण हात पुढं केला नाही. तू बोलावलंही नाहीस. "कौशीला तत्त्व हाय," एवढंच रखमाला म्हणालीस. मला ते शिवीसारखं लागलं. तू शिवी म्हणून म्हणालीही असशील.

आता खरं सांगते. गेल्या दिवाळीपासून मी लावते. तुझ्या कोनाड्यातून एक शिशी उचलून नेली होती. तुला वाटलं असेल उंदरानं पाडली. परभणीला कुळांची बैठक होती. एक पुढारी नाक वर करून म्हणाले, "इथं सुगंध कसला येतोय? आपण कष्टकऱ्यांचे प्रश्न मांडायला जमलोय." मी म्हणाले, "मी लावलंय. कष्टकऱ्याच्या अंगाला घामाचाच वास आला पाहिजे, असा ठराव कोणत्या बैठकीत झाला?" मागं बसलेल्या रोजंदारीच्या बाया खुसखुसल्या. त्यांतली एक बाहेर पडताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, कुठं मिळतं ओ?" मी तिला तुझं नाव सांगितलं, बोरीचा बाजार सांगितला. अभिमानानं सांगितलं. पण तुला सांगितलं नाही. पुढच्या खेपेला सांगू, निवांत बसून, तिळाचे थर लावताना, असं म्हणत राहिले. तू ताप येऊन तीन दिवसांत आटोपलंस.

पत्रकं लिहिणाऱ्यांना वाटतं, आधी भाकरीचा प्रश्न सोडवू, मग बाकीचं बघू. तू म्हणत होतीस, भाकरी आणि वास एकाच टोपल्यातले. भुकेल्या बाईलाही नाक असतं. आमच्या मागण्यांच्या लांबलचक यादीत हे कलम नव्हतं. आत्या, ते असायला हवं होतं. तुझं बरोबर होतं, माझं चूक. तुझ्या तोंडावर हे चार शब्द बोलायला मला जमलं नाही, म्हणून इथं चारचौघांत छापून देतेय.

आणि आज सकाळी काय झालं ते ऐक.

तुझ्या हिश्शातली पहिल्या वेताची मेंढी व्याली. आईच अजाण, कोकराला जवळ घेईना. उठलं की लाथ, उठलं की लाथ. बिरूनाना काठी टेकत आले. आता त्यांना वाकवत नाही, पण हुकूम अजून ताठ आहे. म्हणाले, "सुतक हाय भावकीला. धा दिस त्याल न्हाई, वास न्हाई. तवर वातीनं दूध पाजा."

त्यांचं बोलणं संपायच्या आत रखमा तुझ्या पालातून शिशी घेऊन आली होती. तिनं आधी स्वतःच्या मनगटाला लावलं. शिशी पुढं दिली. तिच्या जावेनं लावलं, जावेच्या लेकीनं लावलं. शिशी माझ्याकडं आली, मी लावलं. कोणी नानांकडं बघितलं नाही. चोरून नाही, चिडूनही नाही. विचारायचं असतं हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग रखमा कोकराजवळ गुडघ्यावर बसली.

"आगं, मी काय बोलायलो?" नाना म्हणाले.

"आयकलं, नाना," रखमा त्या कोकराच्या पाठीला अत्तर चोळत म्हणाली. "मेंढी धरा जरा, लय हलायलीय."

नानांनी काठी बाजूला ठेवली आणि मेंढी धरली.